कुलूप दोनदा ओढून पाहणारा माणूस

सर गेल्याचं कळलं तेव्हा मी वॉर्डात राउंडवर होतो. त्यांच्या पत्नीचा, मेधावहिनींचा, फोन दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा कॉरिडॉरमध्ये जाऊन उचलला. "अरे, हे उठलेच नाहीत..." एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांच्या स्वयंपाकघरातली किटली उकळून बंद झाल्याचा खट् आवाज आला. ज्या माणसाने तीसेक वर्षं लोकांना भूल देऊन झोपवलं आणि न चुकता उठवलं, तो स्वतः मात्र झोपेतच गेला. मला त्या क्षणी रडू आलं नाही, राग आला. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, दोन वर्षं सांगायची राहिली होती. आज-उद्या, आज-उद्या करत मी बसलो आणि सर निघूनही गेले.

डॉ. अविनाश बर्वे मूळचे मिरजेचे. आयर्लंडमधल्या केरी परगण्यात, ट्रलीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आले आणि तिथलेच झाले. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, त्याच हॉस्पिटलात मेडिसिनला. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला घर शोधून दिलं आणि त्या घराचं मागचं दार नीट लागतं का ते स्वतः येऊन पाहिलं. कुठलंही कुलूप लावलं की ते दोनदा ओढून पाहायचं, ही त्यांची सवय. गाडीचं दार असो, नाहीतर गणपतीसाठी भाड्याने घेतलेल्या हॉलचं. त्यांचा शेजारी डेनिस, मेंढ्या पाळणारा म्हातारा शेतकरी, एकदा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर पडला होता. सरांनी त्याला विचारलं, "पूर्ण नाव? जन्मतारीख?" डेनिस म्हणाला, "अरे, काल रात्री तू माझ्याच घरी जेवलास ना!" सर म्हणाले, "जेवलो. नाव सांग." आम्ही मराठी मंडळी या गोष्टीवरून त्यांची फार टर उडवायचो. सरांनी बाप्पाकडेही आधी ओळखपत्र मागितलं असतं, असं दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, आणि सर मोदक खात हसायचे.

अशा माणसाकडे बंदूक होती, हे ऐकून नवीन माणूस चाटच पडायचा. डेनिसनेच त्यांना नाद लावला. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या छर्ऱ्याच्या बंदुकीने फोडायच्या, असा तो खेळ. दर शनिवारी दोघं जायचे, भिजून परत यायचे. बंदुकीसाठी सरांनी अभ्यासिकेच्या भिंतीत लोखंडी कपाट ठोकून घेतलं होतं. इथे कुठल्याही कपाटाला 'प्रेस' म्हणतात, तेही त्याला तसंच म्हणायचे. काडतुसं वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. चावी कुठे असते ते वहिनींनाही ठाऊक नव्हतं. "माहीत असलं की काळजी वाटते," असं सर म्हणायचे. मग त्यांचा उजवा खांदा आखडला, हात वर जाईना, आणि त्यांनी बंदूक विकायची ठरवली.

पहिलं गिऱ्हाईक दारातच आलं. डोंगरापलीकडचा कुणी माणूस, नेमबाजीच्या क्लबात ऐकून आलेला, बोलायला गोड. मी तेव्हा तिथेच चहा पीत बसलो होतो. त्याने बंदूक आज घेऊन जातो म्हटलं, परवान्याचा अर्ज दिलाय, येईलच दोन-चार दिवसांत, "शुअर इट विल बी ग्रँड." सरांनी त्याला अभ्यासिकेतच बसवून चहा दिला, बिस्किटं दिली, पण कपाट उघडलं नाही. इथे परवाना नुसत्या माणसाला मिळत नाही, त्या विशिष्ट बंदुकीच्या नंबरावर मिळतो. तो हातात दिसल्याशिवाय बंदूक दाखवायचीसुद्धा नाही, हा त्यांचा नियम. तो माणूस गेल्यावर सर वहिनींना म्हणाले, "घरात घेतलं हीच चूक झाली माझी. कपाट कुठल्या खोलीत आहे ते आता त्याला कळलं." पुढची भेट गावातल्या परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानातच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मला तेव्हा तो सगळा अतिरेक वाटला.

दुसरं गिऱ्हाईक मी होतो.

त्या हिवाळ्यात माझी बायको आमच्या मुलीला, सईला, घेऊन पुण्याला कायमची परत गेली होती. सई तेव्हा सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तरं मात्र केरीच्या इंग्रजीत. घरात तिचे रबरी बूट राहिले होते, दारामागे. मी ड्युटीवर जायचो, यायचो, त्या बुटांकडे बघायचो. एका दुपारी मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, मलाही तो खेळ शिकायचाय, तुमची बंदूक मलाच द्या. खोटं फार सहज आलं तोंडात. मला ती बंदूक कशासाठी हवी होती, ते मी आज पहिल्यांदा लिहितोय. तबकड्यांसाठी नव्हे. स्वतःसाठी.

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "अर्ज कर गार्डा स्टेशनात, पोलिसांकडे. रीतसर. दोन माणसांची नावं द्यावी लागतात, तुझी खात्री देणारी."

"एक तुमचं देतो ना सर."

"माझं नको देऊस. मी तुझी खात्री देणार नाही."

मी थक्कच झालो. परक्या देशात ज्या माणसाला मी वडिलांच्या जागी मानलं, तो माझ्या चारित्र्याबद्दल दोन ओळी लिहायला तयार नाही! मी बरंच वेडंवाकडं बोललो. त्या डोंगरापलीकडच्या भामट्याच्या पंक्तीत मला बसवलंत, असंही म्हणालो. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनीही माझीच बाजू घेतली. "अहो, देऊन टाका ना. घरचाच मुलगा आहे. कागद काय, मागाहून होतील." आपल्याकडे कामं अशीच तर होतात. आपला माणूस म्हटल्यावर कुणी कागद मागत नाही, मागितला तर तो अपमान. सर उठले, अभ्यासिकेत गेले. कपाटाचं कुलूप दोनदा ओढल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. परत येऊन म्हणाले, "बंदुकीला आपला-परका कळत नाही रे." मी चहा अर्धा टाकून निघून आलो.

आमच्या मंडळींत त्याचा बोभाटा झाला. बर्वे आता पक्के गोरे झाले, असं लोक म्हणाले, आणि मी त्यांना म्हणू दिलं. दोन आठवडे मी सरांशी बोललो नाही. मग एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "रविवारी एक वाजता जेवायला ये. बंदुकीचं बोलायचं नाही." जायचं नाही असं ठरवून मी गेलो. वहिनींनी चिंचगुळाची आमटी केली होती. त्यानंतर प्रत्येक रविवारी एक वाजता मी त्या टेबलाशी असायचो. ड्युटी असली तर सर डबा घेऊन हॉस्पिटलात यायचे आणि माझं खाऊन होईपर्यंत समोर बसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला पश्चात्ताप झालाय, वरमलाय बिचारा. ते फारसं बोलायचे नाहीत. "झोप लागते?" एवढं मात्र दर वेळी विचारायचे. पहिले कित्येक रविवार मी "हो" म्हणालो. एका रविवारी कसं कोण जाणे, "नाही" म्हणालो. सरांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "उद्या तुझ्या जीपी डॉक्टरकडे जाऊ. मी बाहेर गाडीत बसतो." ते खरोखरच दीड तास गाडीत बसले, पावसात, काचा चढवून. तिथून मी हळूहळू माणसांत आलो. अर्ज मी कधी केलाच नाही.

बंदूक शेवटी एका पशुवैद्य बाईंना विकली गेली. खांद्यामुळे सरांना गाडी चालवता येईना, म्हणून विक्रेत्याच्या दुकानात मीच त्यांना घेऊन गेलो. निघण्यापूर्वी त्यांनी बंदूक उघडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या, भाग सुटे करून पेटीत ठेवले. काडतूस एकही बरोबर घेतलं नाही. दुकानात त्या बाईंनी परवाना पुढे ठेवला. सरांनी बंदुकीवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचला, बाईंनी परवान्यावरचा वाचला. मग दोघांनी अदलाबदल करून परत वाचला. रक्ताची पिशवी चढवण्यापूर्वी आम्ही दोघे जण नंबर वाचतो, अगदी तसं. बाईंना हसू आलं. सर हसले नाहीत. पावती घेतली, परवान्याची प्रत घेतली, आणि घरी जायच्या आधी गार्डा स्टेशनात जाऊन बंदूक आपल्याकडून गेल्याची लेखी नोंद देऊन आले. गाडीत बसल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. "सुटलो," म्हणाले. मी समजलो, खांद्याच्या दुखण्याबद्दल बोलताहेत.

कपाट भिंतीतून निघेना, म्हणून तिथेच राहिलं. वहिनींनी चावी आपल्याकडे घेऊन त्यात दिवाळीच्या फराळाचे डबे ठेवायला सुरुवात केली, कारण सरांना मधुमेह होता आणि लाडवांच्या बाबतीत त्यांची खात्री मात्र कुणीच दिली नसती. मी दर रविवारी अभ्यासिकेवरून जायचो आणि त्या कपाटाकडे बघायचं टाळायचो. आजही टाळतो. त्या दुपारी सर "घरचाच आहे" म्हणून हो म्हणाले असते तर, हा विचार भर दिवसा, गाडी चालवताना, पेशंटची नाडी धरलेली असताना येतो. मग सईचा फोन येतो. ती आता पुण्याच्या शाळेत अस्खलित मराठी बोलते, पण कशी आहेस विचारलं की अजून केरीतल्यासारखं "ग्रँड" म्हणते. तो फोन घ्यायला मी आहे.

सर गेले त्या दिवशी इथल्या रिवाजाप्रमाणे लोक घरी येत राहिले. डेनिसने वहिनींचा हात धरला, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणाला आणि कोपऱ्यात टोपी चुरगाळत बसून राहिला. दहाएक दिवसांनी वहिनींनी मला अभ्यासिकेत बोलावलं. कपाटाची दुसरी चावी सरांच्या कोटात सापडली होती, म्हणून त्यांनी कपाट रिकामं करायला घेतलं होतं. डब्यांच्या मागे, कपाटाच्या तळाशी, एक फाइल होती. बंदूक विकताना काय काय करायचं, त्याची सरांनी मराठीत केलेली यादी. नळ्या रिकाम्या, दोनदा. परवाना मूळ प्रत पाहणे. घरी बोलावू नये. त्याखाली डोंगरापलीकडच्या माणसाचं नाव, पुढे "नाही". त्याखाली माझं नाव. पुढे लिहिलं होतं: "खरं कारण सांगत नाही. सही करायची नाही. रविवारी जेवायला बोलावणे." आणि त्याखाली रविवारच्या तारखा, पानामागून पानं, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. शेवटची खूण ते गेले त्याच्या आदल्या रविवारची.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दुपारपासून माहीत होतं.

वहिनी खुर्चीत बसल्या. "मी म्हणाले होते रे, देऊन टाका..." एवढंच बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि जे सरांना सांगायचं राहिलं होतं ते त्यांना सांगितलं. सगळं. त्या ऐकत राहिल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "रविवारी येतोस ना? एक वाजता."

परवा गेलो होतो. आमटीच होती. जेवण झाल्यावर मी अभ्यासिकेत गेलो, कपाट उघडलं, फाइल काढली. सरांच्या शेवटच्या तारखेखाली परवाची तारीख घातली, पुढे बरोबरची खूण केली. मग दार लावलं आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.