मजकुरात कुठेही

एका सॉफ्टवेअरच्या अख्ख्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे ते कसं वापरायचं त्या माहितीत, मला दोनच शब्द बदलायचे होते. तेवढ्यासाठी मी महिनाभर अनोळखी माणसांच्या विनवण्या केल्या.

सॉफ्टवेअर मुक्त होतं, म्हणजे फुकट वापरा आणि चूक दिसली तर दुरुस्ती पाठवा. त्यातलं एक फंक्शन रेग्युलर एक्स्प्रेशनवर चालायचं. आपण नमुना, म्हणजे हवा तो शब्द, द्यायचा, ते मजकुरात शोधणार. 'नमुना मजकुरात कुठेही असला तरी सापडेल,' असं माहितीत छापलं होतं. खालचं उदाहरण मी चालवून पाहिलं, चाललं. मी घाटंजीला पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. तेवढ्यावर विसंबू नये, हे मीच वर्गात ओरडून सांगत असतो.

माझी वहिनी बोरी अरबकडे आशाताई आहे, घरोघरी फिरून आजारपणाच्या नोंदी ठेवते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी तीन महिन्यांतून एकदा शिबिर भरतं, मोठे डॉक्टर येतात. सगळ्या आशाताईंच्या टाइप केलेल्या नोंदींतून रुग्णांची यादी काढायची होती. हाताने आठवडा गेला असता. मी शेखी मिरवली, "पाच मिनिटांत देतो." त्याच फंक्शनला 'सिकल' हा शब्द देऊन दिलीही. यादीतल्या लोकांना निरोप गेले, शिबिर पार पडलं, माझं कौतुक झालं.

पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, त्या पाराजवळच्या पोरीचं नाव काहून नाई आलं वो यादीत? म्या सोता लिवलं होतं. पोरगी तडफडून राह्यली, यवतमाळले नेलं तिले."

मी नोंद उघडली. 'मारुतीच्या पाराजवळचं घर, थोरल्या सुनेची मुलगी, वय सोळा, सांधे फार दुखतात, सिकल.' शब्द होता. शेवटी होता. फंक्शन मात्र फक्त सुरुवातीला बघत होतं. तिथे जुळलं नाही की पुढे वाचतच नव्हतं. उदाहरणातला शब्द नेमका ओळीच्या तोंडाशी होता, म्हणून ते चाललं. आमच्याकडे कोणी दुखणं आधी सांगत नाही. घर कुठलं, कोणाचं कोण, हे झाल्यावर माणूस मुद्द्यावर येतो, आणि वहिनी लोक बोलतात तसंच लिहिते; बाकीच्या आशाताई आजार आधी लिहीत होत्या. तिच्या नोंदींतले आणखी अकरा जण सुटले होते.

त्या अकरा जणांना वहिनीने दारोदार जाऊन गाठलं. मी दुरुस्ती पाठवली: 'मजकुरात कुठेही' काढा, 'फक्त सुरुवातीला' घाला. मला दुसरं काही दुरुस्त करता येत नव्हतं. दवाखान्यात जायची हिंमत होत नव्हती.

सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांपैकी एकाने उत्तर दिलं की फंक्शनच्या नावावरूनच ते कळतं. मी पुन्हा लिहिलं. दुसरा म्हणाला, वापरणाऱ्याने आधी तपासून घ्यावं. ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. तिसऱ्याने सुचवलं, तुम्ही तुमच्या नोंदीच नीट क्रमाने लिहा ना. मी संतापून लांबलचक उत्तर लिहिलं, त्यात पोरीचा विषय काढला आणि पुसून टाकला. तिचं दुखणं दाखवून दोन शब्द मागायची मला लाज वाटली. रोज सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी ते पान उघडायचो आणि तोच 'कुठेही' माझ्याकडे बघत असायचा.

एक दिवस कोणा चौथ्याने काही न बोलता दुरुस्ती मंजूर केली. खाली अंगठ्याचं चित्र. मी रिकाम्या लॅबमध्ये बसून रडलो. सुटल्यासारखं मात्र वाटलं नाही.

पुढच्या शिबिराला मी गेलो. पोरगी काठी टेकत आली. खुब्याचं हाड खराब झालं होतं. मी तिच्या आईला गाठून म्हणालो, "चूक माझी होती. तुमची नोंद बरोबर होती."

"नाई भाऊ," ती म्हणाली, "आशाताईनं सांगतलं मले. मशीन पयलाच शब्द वाचते म्हणे. आमीच दुखनं मांगून सांगतलं."

मी समजावणार तोच तिचा नंबर आला. टेबलामागच्या माणसाने मान खाली ठेवूनच नाव विचारलं.

"सिकल, सायेब," ती घाईघाईने म्हणाली. "सिकल हाये. नाव मंग सांगतो."