तुंब्यातली कुटकी

चिखलदऱ्याच्या पलीकडे एका कोरकू गावात मी पाच वर्षं काम करते आहे. काम एका संस्थेचं. पाऊस आता वेळेवर येत नाही. आला तर एकदम कोसळतो आणि मग तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. अशा दिवसांत गावाजवळ तग धरणारं स्वतःचं बियाणं असावं, एवढंच ते काम. कागदावर त्याला बरंच लांब नाव आहे. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत मी एसटीने जाते, पुढे मिळेल त्या गाडीने. माझं माहेर पातूरकडचं, काळ्या मातीतलं, कपाशी-तुरीचं. त्यामुळे शेतीतलं मला कोणी शिकवायची गरज नाही, असं माझं पक्कं मत होतं.

या गावात डोंगरउतारावर कुटकी पेरतात. मोहरीएवढा बारीक दाणा, त्याचा भात करतात. पीक लवकर हाती येतं आणि पाण्याचा ताण सोसतं. पण सोयाबीन आल्यापासून कुटकी कमी होत गेली होती. मी ठरवलं की घराघरातलं कुटकीचं बी गोळा करायचं आणि समाजमंदिराच्या खोलीत एकत्र ठेवायचं. त्यासाठी घट्ट झाकणाचे निळे ड्रम आणले. उंदीर नको, कीड नको.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी कापणीनंतर आठवडाभर आभाळ होतं. उद्घाटनाला पाहुणे येणार होते, त्यांची तारीख ठरलेली होती. बाया टोपल्या घेऊन आल्या. महिला गटाची अध्यक्ष प्रत्येकीला विचारत होती, "सारं आणलं ना?" सगळ्या मान हलवत होत्या. अध्यक्षेची सासू सगळ्यांत शेवटी आली. तिने ड्रममधला एक दाणा दातांखाली धरला आणि थुंकला.

"ओली हाय."

"आजी, ड्रम हवाबंद आहे," मी म्हटलं. "बाहेरची ओल आत जाणारच नाही."

"बाहेरची नाई जाईन. आतली कुठून निंगन?"

मी हसले. झाकणं लावून घेतली. लहानपणी माझी आईसुद्धा ज्वारी कणगीत भरण्याआधी दाणा असाच चावून बघायची. कट्ट वाजला तरच भरायची. हे मला माहीत होतं. पण पाहुणे बुधवारी येणार होते.

जूनमध्ये झाकण उघडलं आणि वासानेच कळलं. वरचा थर चपातीसारखा एकसंध निघाला. खालचे दाणे दिसायला बरे होते, म्हणून शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी उघडले तेव्हा उगवलेले दाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. दुसऱ्या ड्रमचंही तेच.

पेरणी दहा-बारा दिवसांवर होती. परतवाड्याच्या दुकानांत सोयाबीनच्या थैल्या वाटेल तेवढ्या मिळतात, पण या उतारावरची ही कुटकी तिथे नाही, कुठेच नाही. गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं वाण मी एका हिवाळ्यात कुजवलं होतं. सांभाळण्यासाठी म्हणून गोळा करून.

मी बैठक बोलावली आणि सरळ सांगून टाकलं. चूक माझी आहे, बी ओलं होतं, आजींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी डोळे पुसले.

"बाई, रडून राहिल्या का?" अध्यक्षेने विचारलं.

"नाही. बुरशी गेली डोळ्यात."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग एकीने दुसरीला कोपर मारलं. कोरकूत काहीतरी कुजबुज झाली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. शेवटी आजी म्हणाली, "सांगून टाका हिले. नाई तं हे बाई आता गाव सोडून जाईन."

अध्यक्ष जमिनीकडे बघत म्हणाली, "आमी तुमाले खोटं बोललो होतो, बाई. सारं नोतं दिलं."

"कोणी?"

"कोनीच."

"सारं कोन देते?" आजी माझ्यावरच चिडली. "बी हाय थे! घरात मयत होवो, भाऊ दारात मागाले येवो, तुंबा खाली करत नाई आमी. तुमी तं ड्रम घेऊन आल्या अन् म्हने सारं द्या. काहून द्याव?"

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला रागच आला. दोन वर्षं यांच्यात वावरते आणि या माझ्या तोंडावर खोटं बोलतात! तो राग आजीच्या चुलीपर्यंत टिकला. चुलीवर, धुराने काळा झालेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा टांगलेला होता. तिने तोंडावरचा बोळा काढला, राखेत मिसळलेली कुटकी माझ्या तळहातावर ओतली आणि म्हणाली, "चाव."

मी चावली. कट्ट वाजलं.

त्या दुपारी आम्ही घरोघरी फिरलो. कुठे तुंबा होता, कुठे जुन्या लुगड्याची पुरचुंडी, एके ठिकाणी तेलाचा पत्र्याचा डबा. शंभर दाण्यांची चाचणी पुन्हा केली, तर गोणपाट उघडताच हिरवंगार. सगळ्यांना पुरेल इतकं बी नव्हतं. मग बायांनीच ठरवलं की यंदा एकाच उतारावर सगळ्यांनी मिळून पेरायचं आणि पीक आलं की बी वाटून घ्यायचं. मी फक्त मान हलवली. त्या जुलैत पाऊस बावीस दिवस आला नाही. खालच्या सपाटीवरचं सोयाबीन माना टाकून बसलं. उतारावरची कुटकी पिवळी पडली, पण उभी राहिली.

ड्रम आता पाणी साठवायला वापरतात. त्या कामाला ते उत्तम आहेत. बी घराघरातच असतं. कोणाकडे कुठलं वाण आहे, एवढं मी भिंतीवर लिहून ठेवते, आणि 'सारं आणलं का' हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

कापणीनंतर आजीने एक लहान तुंबा माझ्या पिशवीत ठेवला.

"आमच्या गावचं गेलं, तं तुमच्या घरी असू द्या."

ज्या बाईने यांचं बी कुजवलं, तिच्याच घरी! मी म्हटलं, "आजी, माझ्याकडे गॅस आहे. धूर कुठून आणू?"

"राख घाला, कडूलिंबाचा पाला घाला. अन् दरसाल घेऊन या. जुनं आमी पेरू, नवं तुमाले देऊ."

अमरावतीच्या माझ्या स्वयंपाकघरात तो तुंबा खिडकीच्या गजाला टांगलेला आहे. राख इस्त्रीवाल्याकडून आणते. दर जूनमध्ये पेरणीआधी तुंबा पिशवीत घालून परतवाड्याची एसटी पकडते. निघण्याआधी एक दाणा चावून बघते.