सुईने टोचलेली पानं

अकोल्याच्या एसटी स्टँडमागे पुस्तकं भाड्याने देणारं एक दुकान होतं. बाबा डेपोत मेकॅनिक. ड्युटी सुटली की तिथून एखादी हेरकथा घेऊन यायचे, कधी हिंदी पॉकेटबुक, कधी मराठी. कव्हरं फाटलेली आणि नावं इतकी सारखी, की वाचून झालेलं पुस्तकच पुन्हा घरी यायचं. म्हणून तिथल्या वाचकांनी एक पद्धत पाडली होती. प्रत्येकाचं एक पान ठरलेलं, आणि त्या पानावर आपली खूण करायची. कुणाची चांदणी, कुणाची फुली. बाबांची खूण म्हणजे एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली आडवी रेघ. दुकानात पुस्तक हातात घेतलं की ते आधी एकविसावं पान उघडून बघायचे. सातवीत गेल्यावर मी त्यांच्या रेघेखाली माझी छोटी रेघ ओढायला लागले. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

बाबा भराभर वाचायचे आणि मीही. दोन दिवस झाले की माझा तगादा सुरू, "बाबा, आता दुसरं आना ना." भाडं दिवसावर होतं, त्यामुळे त्यांनाही ते पटायचं. मग जेवताना आम्ही पुस्तकाचा निकाल लावायचो. गद्दार कोण निघाला, कुणाला आधी संशय आला. आई भाकरी वाढता वाढता म्हणायची, "जेवताना मरनाच्या गोष्टी नोका करू बाप्पा." तिला खून-मारामारी आवडत नाही, असं आम्ही धरून चाललो. शेवट सांगायची वेळ आली की आम्ही आवाज कमी करायचो.

आई घरी बसून टेलरच्या ब्लाउजांना काज करायची, हूक लावायची. तिला वाचताना मी पाहिलं होतं ते फक्त बुद्धवंदनेचं पुस्तक. तिचं वाचन तेवढंच, असं मला वाटायचं. खरं तर असं काही वाटायचंही नाही. मी त्याचा विचारच केला नव्हता.

बारावीनंतर मी अमरावतीला कॉलेजात आले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली. मराठीच्या मॅडमनी निबंधासाठी विषय वाटले, त्यात एक होता वेगवेगळ्या साहित्यप्रकारांतल्या हेरकथा. वर्गात हात वर करायला मी नेहमी घाबरते, पण हा विषय मी मागून घेतला. ग्रंथालयात ऐतिहासिक कादंबऱ्या मिळाल्या, ज्यात हेर फकिराच्या वेशात गडावर जातो. अनुवादित कादंबऱ्या मिळाल्या, ज्यात हेर थंड शहरातल्या ऑफिसात नुसता बसून असतो आणि शेवटी आपलेच लोक त्याला सोडून देतात. प्रेमकथेतले हेर, दुसऱ्या ग्रहावरचे हेरसुद्धा मिळाले. पण बाबांची ती पुस्तकं कुठल्याच कपाटात नव्हती. मी फोन केला. बाबा म्हणाले, "दुकान बंद होऊन राहिलं. सारे रद्दीत चालले. थांब, तुह्यासाठी उचलून ठेवतो." आणि अकोल्याहून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे त्यांनी एक पोतं दिलं.

होस्टेलच्या खिडकीपाशी मी ती पुस्तकं चाळत होते. एक पान उलटताना त्यातून उजेडाचा ठिपका आला. पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक भोक. मला वाटलं, कसर लागली असेल. पण कसर पानामागून पान खात जाते, हे भोक एकाच पानाला होतं. दुसऱ्या पुस्तकातही एक, तिसऱ्यातही. कुठे मध्यावर, कुठे शेवट जवळ आलेला असताना. अगदी शेवटच्या पानावर फारच थोड्या पुस्तकांत. मग आईची सुई आठवली.

सुट्टीत ते पोतं घेऊन घरी गेले तेव्हा आई दारापाशी उजेडात काज करत बसली होती. मी एक टोचलेलं पान तिच्यापुढे धरलं. "माय, हे तू टोचलं का?"

"मंग काय पेनानं लिहू? तुह्या बाबाले दुकानवाला बोलला असता."

"सांगितलं काहून नाही?"

"सांगाचं काय त्यात? दुपारी टाइम भेटला तं वाचाची. कुठंवर आली, ते समजलं पाहिजे ना. पुस्तक फिरून घरी आलं का तिथून पुढं."

"अन नाही आलं तं?"

"नाही आलं तं नाही आलं." तिने दोरा ओढला. "तुमी दोघं जेवताना शेवट फोडत होते, म्हनून ओरडत होती मी."

मला तो तगादा आठवला, दर दोन दिवसांनी लावलेला, आणि वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ न देणारी आमची रेघही. मी म्हणाले, अमरावतीहून तुला पुस्तकं आणून देते. ती म्हणाली, "आता काजालेच चष्मा लागते. ते बारीक अक्षर नाही दिसत." मग तिने विचारलं, "त्यात एक हिरवं पुस्तक होतं का? बायको हेर आहे, नवऱ्याले माहीत नाही. थे विहिरीपाशी उभी राह्यते, अन नवरा समोरून येते, हातात बंदूक. तिथंच पुस्तक गेलं. वाचली का थे, का मारलं त्यानं तिले?"

हिरवं पुस्तक पोत्यात होतं. दुसऱ्या दिवशी मी पोतं रिकामं केलं तेव्हा ते सापडलं. विहिरीचं पान टोचलेलं होतं. मी तिला तिथून पुढे वाचून दाखवायला बसले. चार पानांनंतर पुस्तकच संपलं, शेवटची पानं फाटून गेली होती. एकविसाव्या पानावर मात्र बाबांची रेघ होती आणि तिच्याखाली माझी.

बाबा ड्युटीवरून आले तेव्हा त्यांना विचारलं. ते डोकं खाजवत राहिले. "विहीर? असे तं लय होते वं." मीही आठवून पाहिलं. विहीर नाही, बंदूक नाही, काहीच आठवेना. ज्या पुस्तकाचा शेवट आम्ही याच घरात हळू आवाजात बोललो असू, ते मी जणू वाचलंच नव्हतं.

"दोघाइची रेघ आहे तिथं," आई म्हणाली.

"वाचली असंन थे," मी म्हणाले.

"असंन म्हनून नोको सांगू," आई म्हणाली आणि तिने पुढचा ब्लाउज मांडीवर घेतला.