गायरानातला झरा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सांगलीत सरकारी मोजणीदार म्हणून नवा होतो आणि सुट्टीला कोरेगावी घरी आलो होतो. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. जतकडच्या एका गायरानावर दगडखाणीचा अर्ज होता, त्याची हद्द आखून द्यायची होती. सुट्टी मोडली आणि सकाळच्या पॅसेंजरने निघालो.

कराड मागे पडेपर्यंत ऊसच ऊस. सांगलीत जेवण उरकून जतची एसटी धरली, आणि मिरजेपुढे हिरवं हळूहळू संपत गेलं. तुम्ही आज या वाटेनं जाणार असाल तर पाणी जवळ ठेवा आणि शक्यतो भर दुपार टाळा.

मुक्काम गावच्या चावडीत झाला. पोलीस पाटलांच्या घरून हुलग्याचं गरम, पातळ माडगं आणि भाकरी आली. तशी चव नंतर कुठं मिळाली नाही.

सकाळी गायरानावर गेलो. ठेकेदाराच्या माणसानं चुन्याच्या खुणा आधीच करून ठेवल्या होत्या. पाणवठ्याजवळ सुरुंग लावायला परवानगी नव्हती, पण जुन्या नकाशात इथं पाणवठा नव्हताच. नुसतं 'खडकाळ पड' लिहिलेलं. दुपारच्या गाडीनं परत फिरायचं, असा माझा हिशेब.

मेंढरं घेऊन आलेले एक म्हातारे धनगर, बिरूआबा, बराच वेळ बघत उभे होते. काय मोजताय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तसं त्यांनी माझं मनगट धरलं आणि उताराखाली नेलं. कपारीत ओंजळ बुडेल एवढं खोल, नितळ पाणी होतं. गावची विहीर आटली तेव्हा सगळी वाडी या झऱ्यावर जगली, असं ते म्हणाले.

"म्हणजे खाण नकोच म्हणता?" मी विचारलं.

"तसं न्हाई, साहेब. माझी सून दुष्काळात खडी फोडूनच जगली. काम पायजेच. पर हितं सुरुंग उडाला तर ह्यो झरा कुठं जाईल, कुणाला ठावं? टेकाडाच्या पल्याडबी ह्योच दगुड हाय."

पलीकडे जाऊन पाहिलं. दगड खरंच तोच होता, फक्त गाडीवाट नवी करावी लागणार होती. ठेकेदाराचा माणूस कुरकुरला. मी आणखी एक दिवस राहिलो, पलीकडची हद्द आखली आणि नकाशात झरा दाखवला.

सांगलीत साहेब आधी चिडले. मग स्वतः जीपनं जाऊन आले आणि सही केली. परवानगी टेकाडापलीकडची मिळाली, तीही झऱ्याकडे सुरुंग न लावण्याच्या अटीवर.

उरलेली सुट्टी घ्यायला कोरेगावला परतलो. आईला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्या आबांच्या पाया पडलास का?" पडलो नव्हतो. पुढच्या वर्षी मुद्दाम गेलो आणि पडलो.

नंतर नोकरीभर कितीतरी जमिनी मोजल्या. जिथं मनगट धरून नेणारं कुणी भेटलं नाही, तिथं माझ्या हातून काय चुकलं असेल, मला माहीत नाही. या एका ठिकाणचं मात्र माहीत आहे, आणि ते बिरूआबांमुळे.