घासलेली मान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर मुलांची नखं आणि माना तपासायचं काम माझ्याकडे होतं. नववीत एक जाडी मुलगी होती. कुणी हसायच्या आत तीच म्हणायची, “सर, बाक करकरला, मी नाय!”

तिच्या मानेवर काळा पट्टा होता. एकदा सगळ्यांदेखत मी म्हटलं, “मान घासत नाहीस काय गो?”

दुसऱ्या दिवशी ती आपणहून पुढे आली. वेणी उचलून म्हणाली, “नारळाच्या काथ्यानं घासलंय सर. आता बघा.” कातडी सोलून रक्त आलं होतं. काळेपणा तसाच होता. मी पुढच्या मुलीची नखं पाहिली. त्यानंतर बाक करकरला तरी ती गप्प बसायची.

मी डॉक्टर भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “मामा, तो मळ नव्हे. अंगातलं इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून मान काळवंडते.” तरीही मी तिला सांगितलं नाही. सगळ्यांदेखत शब्द मागे घ्यावा लागला असता.

आता ती एसटी स्टँडवर दिसते. मला पाहिलं की पदर मानेभोवती ओढून घेते.

तो मळ नव्हता, हे तिला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.