भरल्या हातांची एकशे चाळीस पावलं

कंपनीच्या नोटिशीत बाकी काय होतं ते आत्यानं धड वाचलंच नाही. तिचं डोकं फिरलं ते एका ओळीवर. कालवा खोदण्यापूर्वी इथे वस्ती नव्हती, जमीन पडीक होती. पडीक म्हणे! जिथे तिच्या बापानं भाजीचे वाफे काढले, जिथे दारात चार गाई बांधलेल्या असायच्या, जिथे ती स्वतः जन्मली, ती जागा पडीक. एवढं छापताना यांच्या हाताला कापरंसुद्धा भरलं नाही.

कंपनीला कालव्यालगत गोदामं बांधायची होती. त्यासाठी गल्लीतल्या आठ घरांची परसं आणि मागची पायवाट हवी होती. गुरुवारी दुपारी मोजणीदार येणार होता. कालव्याच्या आधीची एखादी खूण जागेवर दाखवलीत तर परसं तुमची, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुंपण. शेजारपाजाऱ्यांनी हात टेकले होते. आत्याचा भाचा नळजोडणीची कामं करायचा, स्वभावानं गरीब. तोही म्हणाला की जाऊ दे आत्या, मोठ्यांशी कोण भांडत बसणार.

आता या बाईनं आयुष्यात काही जाऊ दिलं असेल तर शपथ. धक्क्यावर क्रेन चालवायचं काम मागायला गेली तेव्हा मुकादमानं तिच्या हातात झाडू दिला होता. तिनं तो भिंतीला टेकवला आणि सहा महिने रोज क्रेनच्या शिडीखाली जाऊन उभी राहिली. मग त्याच क्रेनवर बत्तीस वर्षं बसून तिनं गाठी, पिंपं आणि यंत्रं उतरवली. एकही गाठ पाण्यात गेली नाही. लग्न केलं नाही, आणि का नाही हे विचारायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

तर खूण होती. विहीर. आत्या नऊ वर्षांची असताना कालव्याची माती टाकून ती बुजवली गेली आणि वर गिरण्यांची राख पडत राहिली. आत्याकडे ना कागद, ना फोटो. पण आकडा होता. आई दोन बादल्या भरून विहिरीवरून निघायची, मागून ही चिमुरडी आपला डबा सांभाळत यायची आणि अर्ध्या वाटेत रडकुंडीला यायची. मग आई म्हणायची, "रडू नको. मी चालते, तू मोज. एकशे चाळीसला घर." त्या घराचा दगडी उंबरा अजून जागच्या जागी होता आणि पायवाटही तीच होती, नाकासमोर सरळ.

गुरुवारी मोजणीदाराला तो आकडा सांगून, त्याच्या देखत आत्या उंबऱ्यावरून निघाली. वय एक्काहत्तर, पण चाल अजून ढांगांची. एकशे चाळीसला ती थेट कालव्याच्या बांधापाशी पोचली. भाच्यानं तिथे पहार घातली. कमरेइतकं खणलं तरी राखच राख. गल्लीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मोजणीदार भला माणूस, तो काही हसला नाही. पण 'खूण नाही' असं लिहायला त्यानं हळूच कागद काढला, आणि ते आत्याला हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

ती बांधावर बसली. पहिल्यांदाच तिला भीती वाटली, की आपण आईला विसरलो की काय. मग आई विहिरीकडे जाताना कशी जायची ते तिला आठवलं. जाताना आई कधी मोजायलाच लावायची नाही. बडबडत, झपाझप जायची. रिकाम्या हातांचं काय मोजायचं? आत्या उठली आणि स्वतःवरच करवादली, की मूर्ख बाई, बत्तीस वर्षं ओझी उचललीस आणि भरलेल्या हातांची चाल विसरलीस.

तिनं भाच्याला दोन बादल्या काठोकाठ भरायला लावल्या. तो म्हणाला की मी उचलतो. तिनं नुसतं बघितलं, तो बाजूला झाला. पाणी सांडू नये म्हणून आत्या आता आईसारखी चालायला लागली, पाऊल आखूड, खांदे ताठ. एकशे चाळीसला ती आधीच्या खड्ड्याच्या बरीच अलीकडे थांबली आणि बादल्या खाली ठेवल्या.

"इथे."

गुडघाभर खणल्यावर पहार दगडावर वाजली. मग एकाला लागून दुसरा, घडीव, गोलाईत बसवलेला. एकाच्या कडेला दोराच्या घासण्यानं पडलेल्या खाचा होत्या. मोजणीदार खाली बसला आणि त्यानं खाचेत बोट फिरवलं. विहीर आहे हे खरं, तो म्हणाला, पण ती या घरांचीच, हे मी कशावरून लिहू?

भाच्याचं तोंड उतरलं. आत्यानं बादल्या परत उचलल्या.

"मी चालते," ती त्याला म्हणाली. "तुम्ही मोजा."

ती विहिरीकडे पाठ करून निघाली. मागून मोजणीदार आधी मनात, मग पुटपुटत, मग मोठ्यानं मोजायला लागला. त्याच्या मागे भाचा, त्याच्या मागे आठ घरं. शंभराच्या पुढे आत्याला दम लागला, पण तिनं बादल्या टेकवल्या नाहीत.

"एकशे चाळीस," मागून आवाज आला, तेव्हा तिचं पाऊल उंबऱ्यावर होतं.

तिनं बादल्या आत नेऊन ठेवल्या, हात पुसले आणि दारात येऊन उभी राहिली.

"आता लिहा."