गोठ्यामागची तपासणी

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आईच्या लघवीबद्दल चारचौघांत लिहायचं, हे मनाला पटत नव्हतं. शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही की. आता काय लपवायचं ऱ्हायलंय?" म्हणून लिहितो आहे.

मी तेव्हा घरून जाऊन-येऊन शिरूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं घर निमोण्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडलांनी शेती धरली, आणि कॉलेजात गेलेला घरातला पहिला माणूस मी. त्यामुळे कुठलाही कागद आला, औषधाची बाटली आली, की ती माझ्या हातात दिली जायची. कळलं नाही तरी मी कळल्यासारखं तोंड करायचो. तशी सवयच लागली होती.

त्या वर्षी ज्वारी काढताना आईच्या उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला धसकट लागलं. तिला ते कळलंही नाही. धाकटी बहीण नववीत होती, तिनं अंगणात पावलाचे लाल डाग पाहिले आणि विचारलं, "आई, तुझ्या पायाला काय झालंय?" आईनं हळद भरली, चिंधी बांधली. महिना गेला तरी बोट भरेना. त्यात ती सारखी पाणी प्यायची, बसल्या जागी थकायची. मी तिला शिरूरला डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी रक्त तपासलं. एकदा उपाशीपोटी, आणि मग जेवून दोन तासांनी. दवाखान्याच्या बाकावर लोकांसमोर भाकरी खाताना आईनं पदर असा ओढून घेतला होता, की ती खाते आहे की रडते आहे हे कळू नये. उपाशीपोटीची साखर दोनशे ऐंशीच्या वर निघाली.

डॉक्टर तिला सौम्यपणे म्हणाले, "मावशी, गोड बंद. गूळसुद्धा. आणि वेळेवर जेवायचं." मग मला एकट्याला आत बोलावलं. "गोळ्या सुरू करतो, पंधरा दिवस वाट बघू. साखर उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर बोट काढावं लागेल. आणि उशीर झाला तर बोटावर थांबणार नाही."

रोज रक्त तपासायला आईला शिरूरला आणणं शक्य नव्हतं. घरी रक्त तपासायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "सायन्सला आहेस ना? लघवीची परीक्षा केलीयस कॉलेजात?" केली होती. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटकरी झालं तर खूप साखर. डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी रंग लिहून ठेव. निळा असला तर आहे तीच गोळी. पिवळा झाला तर संध्याकाळी अर्धी जास्त. विटकरी झाला तर थांबू नकोस, घेऊन ये."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. आईच्या पायाचं बोट पणाला लागलं होतं, आणि मी एस.टी.त बसून डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि परीक्षानळ्यांचं पुडकं मांडीवर सांभाळत मनातून खूश होतो. कॉलेजात शिकलेलं काहीतरी घरात उपयोगी पडणार होतं. हे आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळी घेऊन चुलीपाशी बसलो. वडील अंगणातून आत आले.

"काय चाललंय?"

"आप्पा, आईची तपासणी."

"आन् ती चुलीवर? जिथं देवाचा निवद शिजतो तिथं? उचल ते. असलं घाण घराच्या भाईर."

आई शेजारी पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. मी नळी उचलली आणि गोठ्यामागे गेलो. शाईच्या रिकाम्या दौतीत स्पिरिट घालून, झाकणाला भोक पाडून वात घातली, त्यावर नळी धरली. पुढं हीच आमची प्रयोगशाळा झाली. आईच्या लघवीची बाटली बहीण आणायची. पाटीखाली झाकून आणायची, दगडावर ठेवायची आणि पळायची.

पहिल्या दिवशी रंग निळा राहिला. मला वाटलं, गोळी लागू पडली. दुसऱ्या दिवशीही निळा. तिसऱ्या दिवशीही.

जेवणाचं त्याहून अवघड गेलं. आईनं जन्मात कधी सगळ्यांच्या आधी खाल्लं नव्हतं. वडील, मी, बहीण, आलागेला माणूस, मग उरलंसुरलं घेऊन ती तीन वाजता बसायची. गोळी मात्र सकाळीच घ्यायची. पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला ती घामानं भिजली, हात थरथरायला लागले. मी घाबरून तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला. दुसऱ्या दिवशी वडलांच्या आधी मी तिचं ताट वाढलं.

वडील म्हणाले, "आता बाया आधी जेवणार व्हय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरच्या घरी जेवत्यात आसं?"

आईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं, मला घास जायचा न्हाई." शेवटी ती आतल्या खोलीत, दाराकडं पाठ करून जेवायला लागली. बाजरीची दीड भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी. चहात गूळ नाही. चुलती येऊन सांगून गेली, "आगं, साखर बंद म्हंजी साखर बंद. घरच्या गुळानं काय हुतंय? गूळ औषधी असतो." मी चुलतीशी भांडलो. आईनं गुळाला हात लावला नाही, हे मी बघत होतो. सगळं बघत होतो असं मला वाटत होतं.

आठव्या दिवशी वही घेऊन मी एकटाच शिरूरला गेलो. आईला चालवत नव्हतं. डॉक्टरांनी ओळीनं आठ वेळा 'निळा' वाचलं. "छान. गोळी तीच ठेव. जखम कशी आहे?"

मी म्हणालो, "बरी आहे."

बरी नव्हती. पण रंग निळा आहे म्हणजे जखम बरी असणारच, असं माझं गणित होतं. रोज ड्रेसिंग मीच करायचो. जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या, बोट फुगलं होतं. दहाव्या दिवशी पट्टी सोडली तर वास आला. आईनं माझ्याकडं बघितलं.

"मेंढराच्या खुराला आसा वास आला, की तुझा आजा कळप पुढं न्यायचा न्हाई. तिथंच थांबायचा."

"आई, तू मेंढरू आहेस का? साखर उतरलीय तुझी. रोज बघतोय मी."

काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. मी पट्टीचं दुसरं टोक मागितलं, आणि तिनं ते दिलं.

बाराव्या दिवशी मामाच्या घरी दौंडला बारसं होतं. आईला जाता येत नव्हतं. वडील आणि बहीण आदल्या दिवशीच गेले. सकाळी मी गोठ्यामागे गेलो तर दगडावर बाटली नव्हती. आत येऊन आईला विचारलं.

"आज ऱ्हाऊ दे."

"असं कसं? रोज बघायचं सांगितलंय."

"एका दिसानं काय हुतंय?"

"आई, बाटली दे."

ती बराच वेळ चुलीतली लाकडं मागं-पुढं करत राहिली. मग भिंतीला धरून उठली. तिनंच बाटली आणली, लंगडत, आणि दगडावर न ठेवता माझ्यापासून लांब जमिनीवर ठेवून आत गेली.

मी आठ थेंब टाकले. वात पेटवली. औषध उकळलं आणि हिरवं झालं. मग पिवळं. मी नळी आचेवरून काढायलाही विसरलो. नारिंगी झालं, आणि मग तळाशी विटकरी गाळ जमला, वीट कुटून टाकावी तसा.

मला वाटलं औषध बिघडलं. नळी धुतली, पुन्हा केलं. पुन्हा विटकरी. मग मी माझीच लघवी घेतली आणि तपासली. निळी. औषध चांगलं होतं.

मी उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो. आई आतल्या खोलीत बसली होती.

"आई, रोजची बाटली कुणाची होती?"

ती जमिनीवरचा काडीकचरा वेचायला लागली.

"कुणाची होती?"

"पोरीची." मग भराभर म्हणाली, "तिला बोलू नको. मी गळ्याची शपथ घातली व्हती तिला."

"का पण?"

"का म्हंजी? पोटचा पोरगा आईचं मूत शिजवत बसतो, आन् आईनं ते बघायचं? मला न्हाई जमलं. वाटलं, गोळ्या घेतेय, पथ्य पाळतेय, हुईल बरं. तू खूश हुतास."

"तुझं बोट जाईल आई!"

"जाऊ दे. बोटच हाय."

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहीत नाही. ओरडून झाल्यावर तिला आधार देऊन रस्त्यावर आणलं. एस.टी. निघून गेली होती. पाऊण तासानं एक वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, दाबून बसा," आणि आईचा पाय मी माझ्या मांडीवर घेतला, म्हणजे कुणाचा धक्का लागू नये. जीपमध्ये तो वास सगळ्यांना येत होता. समोरच्या माणसानं तोंड बाहेर केलं, तेव्हा आईनं लुगड्याचा काठ पायावर ओढला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा बदलला. "वहीत तर निळा आहे सगळा."

मला खोटं सांगता आलं असतं. औषध खराब निघालं म्हणता आलं असतं. आई माझ्याकडं बघत होती, तिलाही तसंच वाटत असावं. मी खरं सांगितलं. खाली बघून सांगितलं.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते आईजवळ बसले. "मावशी, चूक माझी. याला विचारलं येतं का म्हणून. तुम्हाला चालेल का, हे मी विचारलंच नाही." मग मला म्हणाले, "दौंडला सर्जन आहेत. आजच जा. बोट जाणार. पाऊल वाचवायचं बघू."

निरोप मिळताच दौंडच्या दवाखान्यात वडील आणि मामा बारशाच्या कपड्यांतच आले. मागून बहीण. तिनं मला पाहिलं आणि दारातच रडायला लागली.

सगळं ऐकून वडील आईला म्हणाले, "मला सांगायचं तरी."

आईनं पहिल्यांदाच त्यांना माझ्यासमोर उलट उत्तर दिलं. "तुम्हाला काय सांगू? तुम्हीच म्हनला व्हता, असलं घाण घराच्या भाईर."

वडील वळले. बाहेर जाऊन जिन्यात बसले. थोड्या वेळानं मी गेलो तर ते म्हणाले, "आरं, मी चुलीसाठी बोललो व्हतो." मी म्हणालो, "व्हय आप्पा."

दुसऱ्या दिवशी बोट काढलं. त्यानंतरचे पाच दिवस फार वाईट गेले. लाली घोट्याकडं चढते की काय, यासाठी सिस्टरनी पावलावर बॉलपेननं रेघ मारून ठेवली होती. रोज सकाळी आम्ही सगळे त्या रेघेकडं बघायचो. इन्सुलिनची सुई सुरू होती, आणि साखर बघायला सिस्टर बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब यंत्रावर घ्यायच्या. आईनं पहिल्यांदा ते पाहिलं आणि विचारलं, "झालं? एवढंच?" मग तिन्ही त्रिकाळ स्वतःच बोट पुढं करायला लागली. चौथ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली. सहाव्या दिवशी सर्जन म्हणाले, पाऊल राहील.

सुई बंद होऊन पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, आणि घरी सोडताना तोच प्रश्न आला, साखर कशी बघायची. यंत्र दवाखान्यातच राहणार होतं. घरी पुन्हा निळं औषध. बहीण जमिनीकडं बघत होती. आईच म्हणाली, "मला दाखव. मी करती."

मी म्हणालो, "नळी धरायची, थेंब मोजायचे..."

"आठ न्हाई मोजता यायचं मला? दोन डझन मेंढरं मोजत व्हते मी पोरगी असताना. आन् रंग कळायला शाळा लागती व्हय?"

घरी आल्यावर गोठ्यामागे तिच्यासाठी वडलांनी एक पाट आणून ठेवला. तो कशासाठी आहे ते त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी लांबून सांगत होतो, "नळीचं तोंड स्वतःकडं धरू नको, औषध उसळतं." तिनं मला तिथून घालवून दिलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली.

मी परीक्षेला निघालो होतो. ती भिंतीला धरून आली, काडेपेटी पदराला पुसत म्हणाली, "पिवळा झालाय. हिरव्याच्या पुढं गेलाय, पर विटकरी न्हाई. काय करू?"

"संध्याकाळी अर्धी गोळी जास्त घे. आणि काल काय खाल्लंस?"

"काल शेजारनीनं पुरणाची पोळी आणली व्हती," ती म्हणाली. "अर्धी खाल्ली. पुरी न्हाई."

मला रागवायचं होतं. पण ती सरळ माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "बरं."

"जा आता," ती म्हणाली. "गाडी चुकल."